'दॅट'वालं वाक्य मासळीचं की पाहुण्यांचं?

प्रश्न असा आलाय: रत्नागिरीजवळ होमस्टे चालवणाऱ्या एका दादांनी माहितीपत्रकात लिहिलं, "वी सर्व्ह फिश टू अवर गेस्ट्स दॅट इज कॉट एव्हरी मॉर्निंग". एका पाहुण्याने वाचून विचारलं, म्हणजे रोज सकाळी आम्हाला पकडता की काय? दादा म्हणतात शब्द तर सगळे बरोबर आहेत, मग चुकलं कुठे?

दादा, शब्द बरोबरच आहेत, जागा चुकलीय, आणि ती का चुकली ते कळलं ना की पुढची शंभर वाक्यं आपोआप सुधारतील. आपण मराठीत म्हणतो, "आम्ही पाहुण्यांना मासळी वाढतो, जी रोज सकाळी येते". इथे 'जी' म्हटल्याबरोबर ऐकणाऱ्याला कळतं की हे मासळीबद्दल चाललंय, पाहुणे असते तर 'जे' आलं असतं. शिवाय आपल्याकडे 'जी मासळी येते ती' अशी जोडी असते, 'ती'ने पुन्हा बोट दाखवलं जातं, त्यामुळे जो-जी-जे थोडं लांब गेलं तरी आपलं माणूस बरोबर शोधून काढतं. इंग्रजीतल्या 'दॅट'ला लिंग नाही, वचन नाही, जोडीला 'तो-ती-ते' पण नाही, बिचाऱ्याला फक्त शेजार माहीत, ज्या नामाच्या मागोमाग येईल त्याचा तो. तुमच्या वाक्यात शेजारी गेस्ट्स बसलेत. पुढचं 'इज' एकवचनी आहे त्यावरून मासळी हे कळायला हवं खरं, पण वाचणारा 'इज'पर्यंत पोचायच्या आधीच 'दॅट'ची गाठ गेस्ट्सशी मारून मोकळा झालेला असतो.

म्हणून मासळी शेवटी न्या आणि 'दॅट' तिला चिकटवा: "वी सर्व्ह अवर गेस्ट्स फिश दॅट इज कॉट एव्हरी मॉर्निंग". 'टू' पण गेला, वाक्य सुटसुटीत झालं.

आता कधीकधी दोन नामं 'ऑफ'ने जोडलेली असतात, ती सोडवता येत नाहीत. तुमच्याकडे येणारे पाहुणे थिबा पॅलेस, म्हणजे ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा रत्नागिरीतला राजवाडा, बघायला जाणारच, तर तेच घेऊ. "द पॅलेस ऑफ द बर्मीज किंग विच वॉज बिल्ट इन १९१०" म्हटलं की 'विच'मुळे राजवाडा, आणि "द पॅलेस ऑफ द बर्मीज किंग हू डाइड इन १९१६" म्हटलं की 'हू'मुळे राजा. माणूस की वस्तू एवढा एकच भेद इंग्रजीने या शब्दांत ठेवलाय, आपल्या जो-जी-जे पुढे फारच थोडका, पण अशा अडचणीत तोच कामाला येतो, तिथे 'दॅट' लिहून तो घालवू नका.

शेजाराचा नियम अगदी दगडावरची रेघ आहे असंही नाही हं. "अ बोट केम इन दॅट हॅड लॉस्ट इट्स नेट्स" हे चांगलं इंग्रजी आहे, 'दॅट' होडीपासून लांब गेलाय पण मधे दुसरं नामच नाही, घोटाळा व्हायला जागा नाही.

तुमच्या पत्रकात आणखी एक वाक्य दिसलं, न विचारता सांगतो कारण यावरून खरंच वाद होऊ शकतो. "द रूम्स, विच फेस द सी, हॅव बाल्कनीज". दोन स्वल्पविराम घातलेत म्हणजे तुमच्या सगळ्या खोल्या समुद्राकडे तोंड करून आहेत असा अर्थ झाला! तुम्ही तर लिहिलंय की मागच्या दोन खोल्या नारळाच्या बागेकडे आहेत. मग स्वल्पविराम काढा आणि 'दॅट' घाला, "द रूम्स दॅट फेस द सी हॅव बाल्कनीज", म्हणजे ज्या समुद्राकडे आहेत त्यांनाच बाल्कनी. आणि बागेकडच्या खोल्यांचं वेगळं वाक्य लिहा की, सकाळी उठून पोफळी-माडांकडे बघणं आवडणारे पण पुष्कळ असतात.