इतकी वर्षं विश्वासात आहे, मग मी बदलत का नाही?

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती माणसांकडून एक प्रश्न फिरून फिरून कानावर येतो. "रोज वचन वाचते, तरी जीभ आवरत नाही." "उपवास-प्रार्थना केली, पण मनातला हेवा जाईना." "माझ्यातच खोट असणार, म्हणून प्रभू माझ्यात काम करत नाही." असं विचारणारी माणसं ढोंगी नसतात. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यांत जास्त राबणारी तीच असतात. संडे स्कूल तीच घेतात, आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला तीच जातात. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, आला की अशांची संख्या वाढते, कारण त्या चाळीस दिवसांत प्रत्येक जण स्वतःला तपासत असतो.

त्यांतल्या एका गृहस्थांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ते एसटीत वाहक आहेत. घराणं पिढीजात ख्रिस्ती. तरुणपणी दारूच्या आहारी गेले, मग एका जागृती सभेत पुढे जाऊन त्यांनी आपलं जीवन प्रभूला दिलं. त्या रात्रीपासून दारू सुटली ती सुटलीच. मंडळीत ही साक्ष त्यांनी कितीदा तरी दिली आहे. राग मात्र तसाच राहिला. सुट्ट्या पैशांवरून प्रवाशांशी झालेली वादावादी, डेपोतली हिशेबाची कटकट, हे सगळं घरी येऊन दहावीतल्या मुलावर निघायचं.

"ताई, दारू त्याने एका रात्रीत काढली. मग राग का ठेवला?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला सोडून दिलं असेल."

हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला पुढचा प्रश्न विचारायला थोडा वेळ लागला.

त्यांची गाठ कुठे बसली आहे, ते इथे कळलं. देवाने जे एकदा झटक्यात केलं, तेच त्यांनी पुढच्या सगळ्या कामाचं माप करून ठेवलं होतं. दारू गेली ती खरीच कृपा. पण राग हा बाटलीसारखा घराबाहेर ठेवून येता येत नाही. तो बोलण्याच्या पट्टीत मुरलेला असतो, बापाकडून लेकाकडे आलेला असतो. तो निघायचा तर माणूस आतून नव्याने घडावा लागतो, आणि त्याला वर्षं जातात.

मी त्यांच्या लहानपणाकडे वळले.

"तुम्ही चुकलात की घरी काय व्हायचं?"

"दादा, म्हणजे माझे वडील, मारायचे नाहीत. बोलणं बंद करायचे. आठवडा, कधी दोन आठवडे."

"मग राग गेला हे कसं कळायचं?"

"कळायचं नाही. आपणच अंदाज बांधायचा."

"आणि आता प्रार्थनेत काही जाणवत नाही, तेव्हा काय अंदाज बांधता?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हेच. की तो बोलणं बंद करून बसलाय."

माझं इतक्या वर्षांचं ठाम मत आहे की देवाचा चेहरा आपण शास्त्रात वाचण्याआधी घरात पाहिलेला असतो. तो चेहरा कुणाचा, हे ओळखल्याशिवाय माणसाला कितीही वचनं दिली तरी ती त्याच चेहऱ्याच्या तोंडून ऐकू येतात. "देव धीर धरतो" हे वचन या गृहस्थांना पाठ होतं. पण ते ऐकताना त्यांना दिसायचे ते घुश्शात बसलेले दादा. इथवर पोहोचायला काही महिने लागले आणि ते सगळे कामी आले.

खरा उलगडा झाला तो त्यांच्या पत्नीमुळे. एकदा मी दोघांनाही बोलावलं. यांनी नेहमीची तक्रार सुरू केली, "माझ्यात काडीचा फरक नाही." बाई खाली मान घालून ऐकत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "असं कसं म्हणता? आधी ताट भिरकवायचे हे. आता आवाज चढला की चपला घालून बाहेर जातात. मागच्या शुक्रवारी परत आले, पोराच्या खोलीत गेले आणि म्हणाले, माझं चुकलं. ताई, माझ्या सासरी कुणी कुणाला 'माझं चुकलं' म्हटलेलं मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. सासऱ्यांनी तर जन्मात नाही म्हटलं."

गृहस्थ त्यांच्याकडे बघतच राहिले. "ते काय, तेवढंच," असं काहीतरी पुटपुटले. मी त्यांना तिथेच थांबवलं. "तुमच्या तीन पिढ्यांत जे कुणी केलं नाही ते तुम्ही शुक्रवारी केलंत. हे कुठून आलं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने मध्ये पडू नये.

वाढणाऱ्या माणसाला स्वतःची वाढ सगळ्यांत शेवटी दिसते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. येशूने मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात हेच सांगितलं. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. अंकुराला दाणा नाही म्हणून कुणी शेत नांगरून टाकत नाही.

वाढ सरळ रेषेत होते असंही नाही. येशूचा शिष्य पेत्र याने प्रभूला नाकारलं, रडला, पुन्हा उभा राहिला, पन्नासाव्या दिवसाच्या (पेंटेकॉस्टच्या) सणाला हजारोंपुढे बोलला. आणि त्यानंतर कितीतरी काळाने अंत्युखियात लोकांच्या भीतीने परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठला. प्रेषित पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. म्हणून काही तो प्रेषितपदावरून उतरला नाही.

आपल्याकडे केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या १९०५च्या आध्यात्मिक जागृतीची गोष्ट सांगतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, तसा अग्नी माझ्यावर का नाही? या गृहस्थांनीही हे विचारलं. मी त्यांना ते मिशन स्थापणाऱ्या पंडिता रमाबाईंचंच उदाहरण दिलं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, स्वतः ख्रिस्त सापडला तो सुमारे आठ वर्षांनी, अशा अर्थाचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. केडगावची जागृती तर बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी आली. रमाबाईंसारख्या बुद्धीच्या आणि निष्ठेच्या बाईला देवाने इतका वेळ दिला, तर तुम्हाआम्हाला का देणार नाही?

मग करायचं काय? हातावर हात ठेवून बसायचं, असं मी कुणालाच सांगत नाही. पौल फिलिप्पै इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात आपलं तारण साधून घ्यायला सांगतो आणि लगेच म्हणतो, तुमच्यात इच्छा आणि कृती साधून देणारा देव आहे. आपला वाटा लहान असतो, पण असतो. या गृहस्थांना मी एवढंच दिलं: रात्री प्रार्थनेआधी दिवसातली एकच चूक आठवायची, ज्या माणसाशी आपण चुकीचं वागलो त्याचं नाव घ्यायचं आणि शक्य असेल तर झोपण्याआधी त्याच्याशी बोलायचं. "मी रागीट माणूस" असं प्रार्थनेत म्हणायचं नाही. "आज साडेसातला मी पोराला गाढव म्हटलं" असं म्हणायचं. देवाचा आत्मा नेमकी गोष्ट दाखवतो आणि परतीची वाट उघडी ठेवतो. "तू असाच, तू सुधारणार नाहीस" हा आवाज त्याचा नव्हे, तो कितीही धार्मिक भाषेत बोलला तरी.

एक गोष्ट मात्र मी कडकपणे सांगते. घरात मारहाण होत असेल, तर देवाच्या धीराचं नाव घेऊन बायकोला आणि मुलांना सहन करायला लावू नका. तो धीर मारणाऱ्याने पश्चात्ताप करावा म्हणून आहे, मार खाणाऱ्याने गप्प बसावं म्हणून नाही. आधी त्यांना सुरक्षित जागी न्या. आणि झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडेही जा. त्यात विश्वासाची कमतरता नाही.

काही महिन्यांनी ते गृहस्थ पुन्हा आले. पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला सांगितली होती. "दारूचीच देऊ का?"

"रागाची द्या."

"ती तर अर्धवट आहे, ताई. परवाच डेपोत आवाज चढला."

"ज्या पत्रात पौल म्हणतो की देवाने आरंभलेलं चांगलं काम तो सिद्धीस नेईल, त्याच पत्रात त्या मंडळीतल्या दोन बहिणींना तो एकचित्त व्हा म्हणून विनवतो. काम चालू असलेल्या माणसांनाच ते पत्र लिहिलंय."

त्यांनी ती साक्ष दिली, डेपोतल्या आवाजासकट. उपासना सुटल्यावर दोन माणसं त्यांना बाजूला घेऊन म्हणाली, आमचंही असंच आहे. त्यांतला एक जण आता माझ्याकडे येतो.