‘सांभाळून घ्या’ हे वाक्य आधी काढा

प्रश्न : वय ५७. बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि यंदा विद्यापीठात एम. ए. तत्त्वज्ञानाला प्रवेश घेतला. पहिल्या तासाला ओळख करून देताना ‘मी तुमच्या आईच्या वयाची, सांभाळून घ्या’ असं बोलून गेले. तेव्हापासून मी वर्गाची ‘काकू’. मुलं प्रेमळ आहेत, पण चर्चा सुरू झाली की माझ्याकडे कुणी बघत नाही. पुढच्या शनिवारी अभ्यासमंडळात पुन्हा मिनिटभर ओळख करून द्यायची आहे, शिवाय पत्रिकेसाठी शंभर शब्द लिहून द्यायचे आहेत. मी गाणं शिकले आहे, अमृतानुभव वाचते, सिंहगड चढते, गच्चीवर बाग आहे, विणकाम, शब्दकोडी हेही आहेच. यजमान म्हणतात, एवढी यादी वाचलीस तर हसतील. काय सांगू, काय गाळू?
– एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर :

ताई, ‘सांभाळून घ्या’ म्हणालात आणि मुलांनी मनापासून सांभाळून घेतलं. अडचण तिथेच झाली. ज्याला सांभाळायचं त्याच्याशी कुणी वाद घालत नाही, आणि तुम्हाला हवा आहे तो नेमका वादच. शनिवारचं मिनिट म्हणून एकाच कामाला लावा: तुम्ही कुठल्या प्रश्नापाशी अडला आहात, ते लोकांना कळू द्या.

वयाबद्दल चकार शब्द काढू नका. ते दिसतंच आहे. उल्लेख केलात की समोरच्याला ‘छे, वय काय, आकडा फक्त’ असं काहीतरी बोलावं लागतं आणि संभाषण तिथेच मिटतं. उलट टोकही टाळा. अनुभवाचा दाखला देऊन अधिकार सांगू नका. प्लेटोच्या शिक्षणक्रमात माणूस ३५ ते ५० अशी पंधरा वर्षं कारभारात घालवतो आणि पन्नाशीनंतर तत्त्वज्ञानाच्या शिखराकडे वळतो, हे तुमच्या मनाच्या बळासाठी लक्षात ठेवा. पण ॲरिस्टॉटल नीतिशास्त्राच्या सुरुवातीलाच, अनुभव नसलेला तरुण या विषयाचा योग्य श्रोता नाही असं म्हणतो आणि लगेच जोडतो की कमतरता वर्षांची नसून विकारांच्या मागे धावण्याची आहे. म्हणजे नुसत्या सत्तावन्न वर्षांनी वर्गात काही सिद्ध होत नाही.

आता यादी. यजमानांचं अर्धं बरोबर आहे: सहा छंद ऐकले की ऐकणाऱ्याच्या लक्षात एकही राहत नाही. हसण्याचं मात्र त्यात काही नाही, कारण या सहांतले दोन-तीन तर थेट तुमच्या अभ्यासाचा कच्चा माल आहेत. आणि सगळ्यात भक्कम गोष्ट तुम्ही यादीत घेतलीच नाहीत, ती म्हणजे बँक. हुद्दा सांगू नका. हुद्द्याने अंतर वाढतं. काउंटरवरचं एक काम सांगा. साधारण असं:

‘नमस्कार, मी अमुक. पहिल्या वर्षाला आहे. बरीच वर्षं बँकेत होते. चेक आला की खातेदाराची सही नमुना सहीशी ताडून पाहायची, हे रोजचं काम. पंचाहत्तरीच्या खातेदाराचा हात थरथरतो, वेलांटी तुटते, एकही रेघ जुन्या सहीवर बसत नाही, तरी आम्ही ‘त्यांचीच’ म्हणून चेक पास करायचो. आम्ही नेमकं काय ओळखत होतो? न्यायदर्शनात ‘तोच हा’ या ज्ञानाला प्रत्यभिज्ञा म्हणतात आणि धुरावरून अग्नी कळण्याला अनुमान. आमचं काम यांतलं कुठलं, ते मला ठरवता येत नाही. गाणंही शिकले आहे. तिथेही असाच प्रश्न भेटतो. मला अमुकताई म्हणा.’

सावकाश बोललात तरी हे मिनिटभरात बसतं. शेवटचं वाक्य विसरू नका. काय म्हणायचं ते तुम्ही सांगितलं नाहीत, तर पुण्यात वयाने मोठ्या बाईला ‘काकू’च म्हणणार, त्यात मुलांचा दोष नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवरही तेच नाव ठेवा. तुमच्याहून लहान प्राध्यापकांना सर-मॅडमच म्हणा, आणि पहिले दोन-तीन महिने वर्गासाठी चिवडा-लाडवाचा डबा नेऊ नका. माया जरूर असू द्या, पण आधी तुमचं म्हणणं त्यांच्या ओळखीचं होऊ द्या.

या ओळखीनंतर कुणीतरी नक्की म्हणेल, ‘सही पाहून माणूस ठरवणं हे सरळ अनुमान झालं, प्रत्यभिज्ञा कुठे आली?’ शंका रास्त आहे, आणि ती यावी म्हणूनच प्रश्न उघडा ठेवला आहे. घाईने बचाव करू नका. उलट विचारा, ‘मग खातेदार स्वतः समोर आला आणि मी त्याला दहा वर्षांनी ओळखलं, तर तिथे अनुमान नाही असं कशावरून?’ दुसरा हल्ला बौद्ध बाजूने येईल: वस्तू क्षणोक्षणी बदलते, दिव्याची ज्योत एकच वाटते पण दर क्षणी नवी असते, तसं तुम्ही साम्यालाच ‘तोच’ म्हणता आहात. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारे, प्रत्यभिज्ञेला संस्काराच्या (आधीच्या अनुभवाने मनात उरलेल्या ठशाच्या) मदतीने होणारं एकच प्रत्यक्ष ज्ञान मानतात. बौद्ध तिच्यात प्रत्यक्ष आणि स्मृती असे दोन तुकडे पाडतात. एवढा फरक डोक्यात पक्का असला तरी शनिवार निभेल. शब्द अडले तर दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश (१९७४, तीन खंड) ग्रंथालयात बसून उघडा. इंग्रजी वाचनातल्या संज्ञांचे मराठी पर्याय शोधायलाही तो उपयोगी पडतो.

गाणं पुढच्या तासांसाठी राखून ठेवा. दोन गायकांच्या यमन रागात एक तानही सारखी नसते, तरी दोन्ही यमनच. मग यमन राहतो कुठे? ‘सामान्य’ (अनेक वस्तूंत एकच असणारं ते, जसं सगळ्या गायींतलं गायपण) शिकवायला घेतील तेव्हा हा प्रश्न काढा. तेव्हा तो छंद राहणार नाही, युक्तिवाद होईल.

अमृतानुभवाबद्दल थोडं जपून बोला. आपल्याकडे तत्त्वज्ञान म्हटलं की लोक लगेच अध्यात्माकडे वळतात, आणि ‘मी अमृतानुभव वाचते’ एवढंच म्हणालात तर ऐकणारे हात जोडतील, प्रश्न विचारणार नाहीत. सातव्या प्रकरणातलं अज्ञानखंडन धरा: अज्ञान मुळात सिद्धच होत नसेल, तर ज्ञान दूर कशाला करतं? असं मांडलंत तर ज्ञानेश्वर वर्गात तर्क करणारे म्हणून येतील, आणि तो मान त्यांचा आहेच.

पत्रिकेच्या शंभर शब्दांत क्रम थोडा बदला. पहिल्या वाक्यात नाव आणि वर्ग, मग सहीचा प्रश्न तीन वाक्यांत, मग यमन किंवा अज्ञानखंडन यांपैकी एकच, एका वाक्यात. बाकीचे छंद शेवटच्या ओळीत, तेही दोनच आणि नेमके. ‘ट्रेकिंगची आवड’ कुणीही लिहितं; ‘आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढते’ लिहिलंत तर ती वाट माहीत असलेला कुणीतरी येऊन बोलेल. ‘लहानपणापासून तत्त्वज्ञानाची ओढ’ आणि ‘जीवनाचा अर्थ शोधते आहे’ ही दोन्ही वाक्यं वगळा, त्यांतून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. तत्त्वज्ञांची नावंही घालू नका. ज्याचं नाव घ्याल त्याच्यावर प्रश्न येतो.

सरावाचं म्हणाल तर मजकूर पाठ करू नका. पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. मोबाइलवर वेळ लावून, उभं राहून तीनदा बोला. पहिल्या वेळी अडखळत मिनिटाच्या वर जाऊ शकतं. काटछाट गाण्याच्या वाक्यात करा, थरथरत्या हाताच्या वाक्याला हात लावू नका. मग कागद बाजूला ठेवून चिठ्ठीवर चारच शब्द लिहा: नाव, चेक, सही, ताई. आणि शनिवारी मागच्या बाकावर बसू नका. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत मधे बसा, म्हणजे नंतर कुणाला सहीबद्दल काही विचारायचं असेल तर त्याला मान वळवली तरी पुरे.