वाचकांचे प्रश्न : कन्सोलला जागा किती घ्यावी?

प्रश्न : पोराची दहावी झाली, आता प्लेस्टेशन ५ चा हट्ट आहे. बर्डीवर एका दुकानात आधीचं ८२५ जीबीचं मॉडेल १ टीबीच्या स्लिमपेक्षा स्वस्त सांगताहेत. घ्यावं का? गेम डिस्कवर घेतले तर जागेचा प्रश्नच येत नाही, असंही दुकानदार म्हणतो.
— एक पालक, प्रतापनगर

उत्तर : डिस्कचं आधी सांगतो, कारण ते साफ चूक आहे. डिस्क घातली तरी अख्खा गेम आतल्या एसएसडीवर, म्हणजे यंत्राच्या साठवणीच्या चिपवर, उतरतो आणि तिथूनच चालतो. डिस्क नंतर फक्त किल्लीसारखी आत ठेवायची. जागा तेवढीच जाते. डिस्कचा फायदा निराळा आहे : गेम काढून पुन्हा टाकायची वेळ आली की बराचसा भाग डिस्कवरूनच येतो, नेटवरून उतरवावी लागतात ती अपडेट.

आता आकडे. ८२५ जीबीच्या मॉडेलमध्ये गेमसाठी हाती येतात सुमारे ६६७ जीबी, स्लिममध्ये सुमारे ८४२. बाकीची जागा यंत्र स्वतःच्या प्रणालीसाठी अडवून ठेवतं. तो दोष नाही, त्यामुळे दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. माइनक्राफ्टसारखा गेम मोजक्या जीबीत मावतो, पण बाल्डर्स गेट ३ शंभरी ओलांडतो आणि कॉल ऑफ ड्यूटीचे सगळे भाग उतरवले तर दीडशेही पुरत नाहीत. मोठा गेम सरासरी १०० जीबीचा धरला तर एकात सहा बसतील, दुसऱ्यात आठ. म्हणजे तुम्ही जास्तीचे पैसे दोन गेमच्या जागेसाठी मोजताय.

दोन गेम महत्त्वाचे की नाहीत, हे तुमच्या घरच्या नेटवर ठरतं. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसवर उतरायला साडेपाच तास लागतात, १०० एमबीपीएसवर सव्वादोन तास, ३०० वर पाऊण तास. घरी चांगलं फायबर असेल तर झालेला गेम काढा, नवा टाका. ८२५ जीबी खुशाल घ्या. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि डेटा रोजचा २ जीबी असेल, तर तोच एक गेम उतरायला ५० दिवस लागतील. अशा घरी १ टीबी घ्या आणि गेम शक्यतो डिस्कवर घ्या.

गेम काढला तरी खेळाची प्रगती, म्हणजे सेव्ह डेटा, यंत्रात राहतो. हे माहीत नसल्यानं पोरं जुने गेम काढायला घाबरतात आणि मेमरी फुल करून बसतात. ट्रॉफी मिळाली की प्लेस्टेशन आपोआप छोटा व्हिडिओ साठवतं, तेवढं सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

आणि ‘आधीचं मॉडेल’ म्हणजे दुकानात पडून राहिलेलं, की कोणी वापरून परत केलेलं? पक्कं बिल आणि वॉरंटी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : एक्सबॉक्स सिरीज एस ५१२ जीबीचा घेऊन नंतर जागा वाढवली तर?
— वाचक, नंदनवन

उत्तर : इथे आमचा सल्ला वरच्यापेक्षा उलटा. ५१२ मधले वापरायला मिळतात सुमारे ३६४ जीबी, आणि या यंत्रात डिस्कची सोयच नाही. सिरीज एसचे गेम थेट चालतील अशी जागा वाढवायची तर मागच्या खाचेत बसणारं खास एक्स्पान्शन कार्डच लागतं. बाजारातली साधी एनव्हीएमई (संगणकात बसते ती वेगवान) एसएसडी चालत नाही, म्हणून कार्डाला स्वस्त पर्याय उरत नाही. १ टीबीचा सिरीज एस (हाती सुमारे ८०२ जीबी) मिळत असेल तर किमतीतला फरक आणि १ टीबी कार्डाची किंमत शेजारी शेजारी लिहून पाहा. बहुतेक वेळा पहिल्यांदाच मोठं घेतलेलं परवडतं.

प्रश्न : प्लेस्टेशन ५ मध्ये एसएसडी स्वतः बसवता येते का? मे महिन्यात आधीच पंखा घोंघावतो, त्यात आणखी एसएसडी म्हणजे तापणार नाही का?
— वाचक, मानेवाडा

उत्तर : येते, अर्ध्या तासाचं काम आहे. पण आधी माल बरोबर हवा : एम.२ एनव्हीएमई, पीसीआयई चौथी पिढी, वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त. तिसऱ्या पिढीची किंवा साटा एसएसडी दिसायला जवळजवळ तशीच असते, पण चालत नाही. खोक्यावर ‘जेन ४’ वाचूनच घ्या. हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून बाहेर टाकणारी धातूची पट्टी, लागतोच. तो धरून एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत आणि रुंदी २५ मिलिमीटरपर्यंत हवी. संगणकासाठी बनवलेले उंच हीटसिंक इथेच अडतात, वरचं झाकण बसतच नाही.

आधी प्रणाली अपडेट करा. मग यंत्र पूर्ण बंद करा, रेस्ट मोडमध्ये ठेवून भागत नाही. सगळ्या वायरी काढून ते गार होऊ द्या. बाहेरचं पांढरं आवरण काढलं की एका स्क्रूनं बसवलेलं लांबट झाकण दिसतं, त्याखाली खाच. खाचेच्या पट्टीवर ११०, ८०, ६०, ४२, ३० असे आकडे आहेत. स्क्रू आणि त्याखालची बारीक कडी ११० वर असते. नेहमीची २२८० मापाची (२२ मिलिमीटर रुंद, ८० लांब) एसएसडी असेल तर कडी ८० वर आणा. ही कडी घरंगळली की सापडत नाही, म्हणून खाली पांढरा कपडा अंथरा. एसएसडी तिरकी धरून सोनेरी दाते दिसेनासे होईपर्यंत आत सरकवा, मग आडवी दाबून स्क्रू हलक्या हातानं आवळा. हीटसिंकच्या पॅडवरची प्लॅस्टिकची फिल्म काढली का, ते आधी बघा. ती तशीच राहिली तर हीटसिंक असून नसल्यासारखा, आणि ही चूक फार जण करतात.

सुरू केल्यावर यंत्र फॉरमॅट करायला सांगतं आणि नंतर वेग दाखवतं. एसएसडी दिसलीच नाही तर बहुधा ती पूर्ण आत गेलेली नसते.

उष्णतेचं म्हणाल तर कन्सोलसाठी खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश असावं, असं कंपनी सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे दुपारी बंद खोलीत एसएसडी असो-नसो, यंत्र तापणारच. भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर मोकळे ठेवा, टीव्हीच्या कपाटात कोंबू नका. कूलरच्या थेट झोतात तर मुळीच नको. वाळ्यातून येणारी हवा गार असते तशी ओलसरही असते, आणि तीच यंत्राचा पंखा आत ओढतो.

प्रश्न : जुनी २ टीबीची यूएसबी हार्डडिस्क पडून आहे. ती लावली तर एसएसडीचे पैसे वाचतील का? आमच्याकडे विजेची लाइनही फार जाते.
— वाचक, जरीपटका

उत्तर : काही अंशी वाचतील. प्लेस्टेशन ४ चे गेम तिच्यावरून थेट चालतात. प्लेस्टेशन ५ चे फक्त ठेवता येतात, खेळायला आत आणावे लागतात. कोठीत धान्य ठेवावं तसं. तरी कोठी कामाची आहे : साधी हार्डडिस्क सेकंदाला १०० एमबी देत असेल तर १०० जीबीचा गेम १७ मिनिटांत आत येतो, ४० एमबीपीएसच्या नेटवर त्यालाच साडेपाच तास. हार्डडिस्क यूएसबी ३.० ची आणि २५० जीबी ते ८ टीबीमधली हवी, थेट कन्सोललाच लावा, हबमधून नको. लावली की फॉरमॅट होते, म्हणून त्यावरचे लग्नाचे फोटो आधी दुसरीकडे काढून घ्या.

गेम हलवत असताना लाइन गेली तर पुढच्या वेळी यंत्र डिस्क दुरुस्त करत बसतं, आणि एखादा गेम पुन्हा उतरवावा लागू शकतो. एकट्या कन्सोलसाठी ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो, टीव्ही त्यावर टाकू नका. लाइन गेली की गेम बंद करून कन्सोल नीट बंद करण्याइतका वेळ त्यात मिळतो.

प्रश्न : निन्टेन्डो स्विच २ ला जुन्या स्विचचं मायक्रो एसडी कार्ड चालेल का?
— वाचक, सदर

उत्तर : गेमसाठी नाही, त्यावरचे जुने फोटो-व्हिडिओ तेवढे आत घेता येतील. स्विच २ ला मायक्रो एसडी एक्स्प्रेस कार्ड लागतं. त्याच्या मागे दात्यांच्या दोन ओळी असतात, ते बघून घ्या. आत २५६ जीबी आहेत, म्हणून कार्डाची घाई नाही. आणि कोणतंही कार्ड ‘२ टीबी, हजार रुपयांत’ मिळालं तर ते खोटं समजा. त्यातली चिप २ टीबी असल्याचं नुसतं सांगते. खरी जागा भरली की पुढचा डेटा लिहिल्यासारखा दिसतो आणि वाचायला गेलं की नसतो. शंका आली तर परत करायची मुदत संपण्याआधी संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामनं कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघा.