अनोळखी लोक सांगतील त्या रस्त्याने सायकलवर जायचं, तर आधी काय ठरवून निघावं?

प्रश्न असा आहे: पंधरा दिवस सायकलवर निघायचं, मार्ग आधी आखायचा नाही, वाटेत भेटणाऱ्यांना विचारून रोजचा रस्ता ठरवायचा. हे जमतं का, आणि तयारी काय लागते?

जमतं, आणि फार सुंदर जमतं. मात्र रस्ता लोकांवर सोडायचा असेल तर प्रवासाचं शेवटचं ठिकाण, तिथे पोचायची तारीख आणि कुठल्या कारणांसाठी सुचवलेला रस्ता नाकारायचा, एवढं तुम्ही स्वतः ठरवून लिहून ठेवा. शेवटचं ठिकाण नसेल तर लोकांच्या सूचना तुम्हाला त्याच तालुक्यात गोल फिरवतात, कारण प्रत्येक जण आपल्या ओळखीचा भाग सुचवतो. दिशा पक्की असली की "तिकडेच जायचंय, पण कुठून?" असा प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर लोकांना देता येतं.

सगळ्यात जास्त मेहनत प्रश्न कसा विचारायचा यावर घ्या. "हा रस्ता अमुक गावाला जातो ना?" असं विचारलंत की समोरचा "हो, जातो" म्हणणार. परक्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, आणि रस्ता कुठून तरी तिकडे जात असतोच. विचारताना हातही दाखवू नका. तुम्ही बोट केलंत की समोरची मान त्याच दिशेला हलते. त्याऐवजी विचारा: "तुम्हाला उद्या सकाळी सायकलने तिकडे जायचं असेल, तर तुम्ही कुठून जाल?" आणि मग गप्प राहा. रस्ता माहीत असलेला माणूस क्षणभर थांबतो, मनातल्या मनात तो रस्ता चालून येतो आणि मग क्रमाने सांगतो: आधी पूल, पुलानंतरचा पहिला फाटा सोडायचा, दुसऱ्याला डावीकडे, मग चढ सुरू होतो. ज्याला फक्त दिशा माहीत आहे तो हात लांब करून "सरळ जा" म्हणतो. खुणा क्रमाने आल्या तर त्या माणसावर विश्वास ठेवा.

यानंतर तीन उपप्रश्न हवेतच. या रस्त्याने शेवटचं कधी गेलात? कशावर गेलात? वाटेत पाणी कुठे मिळेल? दोन वर्षांपूर्वी जीपने गेलेल्या माणसाची माहिती खोटी नसते, जुनी असते. मधल्या पावसाळ्यात मोरी वाहून गेलेली असू शकते. पाण्याच्या प्रश्नाने आणखी एक गोष्ट कळते. ज्याला पाण्याची जागा सांगता येत नाही, तो बहुधा त्या रस्त्याने कधी पायी किंवा सायकलवर गेलेला नसतो.

विचारायचं कोणाला? पोस्टमन, मेंढपाळ, ट्रॅक्टरवाले, पंक्चर काढणारे, शाळेत सायकलने जाणारी मोठी मुलं. त्यांना खडी कुठे उखडली आहे आणि कुत्री कुठे अंगावर येतात हेही ठाऊक असतं. बसचे ड्रायव्हर अंतर आणि फाटे अचूक सांगतात, पण चढाबद्दल त्यांचं ऐकू नका. इंजिनावर चालणाऱ्याला चार टक्क्यांचा चढ जाणवतच नाही. घोळक्यात विचारू नका, कारण पहिला बोलतो त्याला बाकीचे दुजोरा देतात. एकमेकांचं बोलणं ऐकू न येणाऱ्या दोघांकडून तीच गोष्ट आली, तरच ती पक्की धरा.

अंतर लोक वेळेत सांगतात. "अर्धा तास" म्हणजे मोटरसायकलचा अर्धा तास, साधारण 20 किलोमीटर. सामान लादलेली सायकल सपाटीवर ताशी 15 ते 18 किलोमीटर जाते, म्हणजे तुमचा सव्वा तास. त्यात चढाईचा हिशोब वेगळा धरा: दर 100 मीटर उंचीला 12 ते 15 मिनिटं. या पद्धतीच्या प्रवासात रोज 50 ते 60 किलोमीटरच धरावेत. विचारपूस, चुकलेले फाटे आणि परत फिरणं यात दिवसाचे दीड-दोन तास जातात. सूचनाही एका वेळी 30 ते 40 किलोमीटरपुरतीच घ्या. त्यापलीकडचं माणूस ऐकीव सांगतो.

मिळालेली सूचना मोबाइलवरच्या ऑफलाइन नकाशाशी ताडून बघा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालणारी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड ही ॲप नेटवर्कशिवाय चालतात, फक्त त्या प्रदेशाचा नकाशा आधी उतरवून घ्यावा लागतो. या नकाशात कच्च्या वाटांना ग्रेड 1 ते ग्रेड 5 अशी वर्गवारी असते, 1 म्हणजे टणक आणि 5 म्हणजे मऊ माती. लादलेल्या सायकलला ग्रेड 3 पर्यंत ठीक. त्यापुढे पाऊस झालेला असेल तर माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरते, चाक फिरायचं थांबतं आणि तासाला दोन-तीन किलोमीटर ढकलत जावं लागतं. दोन रस्ते सुचवले गेले आणि त्यातला एक नदीच्या किंवा रेल्वेमार्गाच्या कडेने जात असेल, तर चढाच्या दृष्टीने तो निवडा. रेल्वेला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे तिच्या सोबतचा रस्ताही बहुधा सौम्य असतो.

आता नकार. अटी निघण्याआधी लिहा, कारण दमलेल्या माणसाचा निर्णय सैल होतो. माझ्या मते या चार पुरेशा आहेत: सूर्यास्ताला तीन तासांपेक्षा कमी वेळ असताना अनोळखी कच्चा रस्ता नाही, कडेला जागा नसलेला अवजड वाहतुकीचा महामार्ग नाही, परवानगी लागणारं जंगल, खाजगी जमीन किंवा सीमाभाग नाही, आणि जो रस्ता नकाशावर नाही आणि ज्याबद्दल एकाच माणसाने सांगितलं, तो नाही. परत फिरायची खूणही आधीच ठरवा. जवळचं पाणी निम्मं झालं आणि पुढची सांगितलेली खूण दिसली नाही, तर मागे वळायचं. "इतके आलोच आहोत" या विचाराने पुढे जाणं हे या प्रवासातल्या बहुतेक फजितीचं कारण असतं.

सायकल कुठल्याही रस्त्यासाठी तयार हवी, कारण कुठला रस्ता येणार हे तुम्हाला माहीत नाही. टायर 40 ते 47 मिलिमीटर रुंद, हवा डांबरावर साधारण 50 पीएसआय, खडीवर 40. त्याखाली गेलात तर लादलेल्या मागच्या चाकाची ट्यूब दगडावर रिममध्ये चिमटून दोन समांतर भोकं पडतात. सगळ्यात हलक्या गियरचं प्रमाण, म्हणजे पुढचे दाते भागिले मागचे दाते, एकापेक्षा कमी हवं. पुढे 26 दाते आणि मागे 36 असतील, तर 8 टक्क्यांच्या चढावर ताशी 6 किलोमीटरने जाताना पायडल मिनिटाला साधारण 63 वेळा फिरतं. पुढे-मागे 32-32 असेल तर तेच 45 वर येतं आणि भार गुडघ्यावर पडतो.

सोबत दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, चेन तोडायचं हत्यार आणि दोन जोडकड्या, ब्रेक पॅडचा एक जोड. डिरेलरचा (मागचे गियर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला जिथे बसते तो छोटा तुकडा, जास्तीचा घ्याच. फ्रेमनुसार तो वेगळा असतो आणि रस्त्यात सहसा मिळत नाही. स्पोक तुटतो तो बहुधा मागच्या चाकाचा, कॅसेटच्या (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या) बाजूचा, कारण त्या बाजूला ताण जास्त असतो. त्या मापाचे चार स्पोक फ्रेमला टेपने चिकटवून ठेवा, आणि कॅसेट उतरवायचं हत्यार जवळ ठेवा, नाहीतर त्यांचा उपयोग नाही. स्पोक तुटून चाकाला आऊट आला, म्हणजे ते डगमगत फिरू लागलं, आणि ते ब्रेकला घासायला लागलं, तर शेजारचे दोन स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल करा. पुढच्या गावापर्यंत निभावतं. पाण्याची सोय चार लिटरची आणि खाणं एका दिवसाचं जास्तीचं.

रस्ता इंटरनेटवरच्या लोकांकडून ठरवून घ्यायचा असेल, तर त्यांना मोकळा प्रश्न विचारू नका. स्वतः तपासलेले दोन रस्ते द्या आणि कौल घ्या, मुदत रात्रीपर्यंतची ठेवा. उद्याचा रस्ता अशा प्रकारे जाहीर होतो, म्हणून कौल मोठ्या टप्प्याचा घ्या आणि मुक्कामाचं गाव कधीच लिहू नका. फोटो एक दिवस उशिरा टाका, त्यातली जागेची माहिती काढून. रस्त्यावरही कोणी "आज मुक्काम कुठे?" विचारलं तर खऱ्या मुक्कामाच्या पुढचं गाव सांगा. घरच्या एका माणसाला मात्र रोज संध्याकाळी खरं ठिकाण कळवा, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करायचा तेही ठरवून द्या.

एखाद्याने आपुलकीने सांगितलेला रस्ता घ्यायचा नसेल, तर त्याच्यासमोर होकार देऊन पुढच्या वळणावर दुसरीकडे वळू नका. तो माणूस संध्याकाळी त्या रस्त्यावर तुमची चौकशी करू शकतो, आणि काही झालंच तर शोध चुकीच्या दिशेला जातो. "उजेड कमी आहे, आज डांबरी रस्त्याने जातो" एवढं तोंडावर सांगा. बरेचदा त्यावर तिसरा, दोन्हींपेक्षा चांगला रस्ता ऐकायला मिळतो.