टेबलापलीकडून : ‘खुला महिला’ म्हणजे कोण?

(नोकरभरतीबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना एका सेवानिवृत्त आस्थापना अधीक्षकांची उत्तरं)

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी हिंगोली जिल्ह्यातली, वय 34, धनगर समाजाची म्हणजे भज-क (भटक्या जमाती-क). एका जिल्हास्तरीय शासकीय कार्यालयात लिपिक पदाची परीक्षा दिली. 200 पैकी 158 गुण मिळाले. भज-क महिलेची एकच जागा होती, ती 164 गुणांच्या मुलीला गेली. त्याबद्दल तक्रार नाही. पण अराखीव (म्हणजे खुल्या) महिलांच्या चार जागा होत्या आणि त्यात शेवटची निवड 151 गुणांवर झाली. कार्यालयात विचारलं तर म्हणाले, “तुमचा अर्ज भज-कचा आहे, खुल्या महिलांत धरता येत नाही.” निवडसूची लागून सात महिने झाले. लगेच निवेदन दिलं होतं, उत्तर नाही. घरचे म्हणतात, सरकारशी भांडून कुणाचं भलं झालंय? हा भेदभाव आहे की नियमच तसा आहे? मुलगी समजून सांगावं.

उत्तर : मुलगी समजून सांगायचं तर एकेरीवर येते.

तुला जे सांगितलं गेलं ते चूक आहे. ते ठामपणे सांगू शकते, कारण हेच वाक्य मी स्वतः लोकांना ऐकवलेलं आहे. 2015 साली एका भरतीची निवडसूची माझ्या टेबलावर तयार झाली. विमाप्रच्या (विशेष मागास प्रवर्ग) एका मुलीचे गुण खुल्या महिलांच्या शेवटच्या मुलीपेक्षा जास्त होते. तिच्या नावासमोरच्या शेरा रकान्यात मी ‘प्रवर्ग भिन्न’ असं लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले. ती दोनदा टेबलाशी येऊन गेली. मी तिला परिपत्रकाची झेरॉक्स दाखवली. माझ्या मनात तिच्या जातीबद्दल काही नव्हतं, साहेबांच्याही नव्हतं. सामान्य प्रशासन विभागाचं 13 ऑगस्ट 2014 चं परिपत्रक होतं आणि त्यातल्या ‘खुला’ या शब्दाचा अर्थ आम्ही ‘खुल्या प्रवर्गातला उमेदवार’ असा लावला. आम्हीच नाही, अनेक कार्यालयांनी लावला. डिसेंबर 2018 मध्ये शासनाला शुद्धिपत्रक काढावं लागलं. तोवर त्या मुलीची वयोमर्यादा उलटून गेली असेल.

आता नियम समजून घे, कारण सुनावणीत तुलाच तो बोलता आला पाहिजे. आरक्षण दोन प्रकारचं. अनुसूचित जाती (अजा), अनुसूचित जमाती (अज), विमुक्त जाती (विजा), भटक्या जमाती (भज), विमाप्र, इतर मागासवर्ग (इमाव) हे उभे कप्पे. महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त हे प्रत्येक उभ्या कप्प्यातून जाणारे आडवे पट्टे, म्हणजे समांतर आरक्षण. गोंधळ सगळा इथेच होतो. अजा, इमाव, भज या कप्प्यांना जातीची पाटी आहे. ‘अराखीव’ या कप्प्याला कुठलीच पाटी नाही. ती उरलेल्या जातींची राखीव जागा नव्हे. तिथे गुण हीच पात्रता. मग त्या कप्प्यातून जाणाऱ्या महिलांच्या पट्ट्यालाही जात कशी लागेल?

सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2020 रोजी नेमकं हेच सांगितलं. उत्तर प्रदेशातली पोलीस शिपाई भरती, 41,610 पदं. सर्वसाधारण महिलांत शेवटची निवड झाली 274.8298 गुणांवर (चार दशांश स्थळं, आमच्या शाखेत एक स्थळ पुरेसं असायचं), आणि इमावच्या एका मुलीला 276.5949 गुण असून ती बाहेर. निकाल लिहिणाऱ्यांत आपल्या सोलापूरच्या घराण्यातले न्या. उदय लळीत होते. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांची मतं तेव्हा उलटसुलट होती. मुंबई उच्च न्यायालय आधीपासून मुलींच्या बाजूने निकाल देत होतं आणि सर्वोच्च न्यायालयाने तीच बाजू उचलून धरली. 274.8298 पेक्षा जास्त गुण असलेल्या इमावच्या सर्व मुलींना नेमणूक द्या, असा आदेश झाला. आणि हे घरच्यांना मुद्दाम वाचून दाखव : आधी लागलेल्या एकाही मुलीला त्यासाठी काढलं नाही.

तुझा हिशेब मात्र अर्धाच झाला आहे. तू 151 कडे पाहतेस, मी 164 कडे पाहते. ती 164 वाली मुलगी भज-कच्या जागेवर बसलीच कशी? तिचे गुण खुल्या महिलांच्या रेघेच्या वर आहेत. तिला अराखीव महिलांत घ्यायला हवं होतं. ती तिकडे सरकली की भज-क महिलेची जागा मोकळी होते आणि ती यादीतल्या पुढच्या भज-क महिलेला जाते. 164 आणि 158 च्या मधे भज-कची दुसरी मुलगी नसेल तर ती तू. पण हाच न्याय इमाव, अजा, विजा सगळ्यांना लागतो. सगळ्या प्रवर्गांत मिळून 164 च्या वर इतक्या बायका निघाल्या की अराखीव महिलांच्या चारही जागा त्यांनीच भरल्या, तर 164 वाली भज-कमध्येच राहील आणि तू बाहेरच राहशील. मग अन्याय झालेला असेल, पण तुझ्यावर नाही. म्हणून सगळ्यात आधी सगळी यादी हातात घे.

त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज कर. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. ‘माझ्यावर अन्याय का झाला ते कळवावे’ असं लिहू नकोस. त्यावर ‘प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ हे उत्तर तयार असतं. आम्हीही ते तयार ठेवत असू. कागद माग : सर्व उमेदवारांची सामान्य गुणवत्ता यादी, प्रवर्गनिहाय आणि समांतर आरक्षणनिहाय निवडसूची, मागासवर्ग कक्षाने तपासलेली बिंदुनामावली (कुठलं पद कुठल्या प्रवर्गाचं ते दाखवणारी नोंदवही) आणि निवड समितीच्या बैठकीचं इतिवृत्त. इतिवृत्तात खरी कबुली सापडते, कारण ते लिहिताना कुणी पुढचा विचार करत नाही.

दोन गोष्टी घरीच तपास. पहिली, वय. खुल्यासाठी मर्यादा 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43. अराखीव जागेवर हक्क सांगायचा तर खुल्याच्या अटीत बसावं लागतं. तू 34 ची, त्यामुळे चिंता नाही. चाळिशीच्या बाईला मी हेच उत्तर दिलं नसतं. दुसरी, नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र. भज-कच्या जागेसाठी ते लागतंच आणि तुझा दावा शेवटी त्या जागेवर येतो, म्हणून जाहिरातीतल्या तारखेला ते वैध होतं का बघ. अराखीव महिलांसाठीची ती अट शासनाने मे 2023 मध्ये काढून टाकली.

आता मुदत. शासकीय पदाच्या भरतीचा वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे ‘मॅट’मध्ये जातो. तुला छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ जवळ. (हीच भरती जिल्हा परिषदेची असती तर मॅट नाही, थेट उच्च न्यायालय.) कायदा 1985 चा, मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष. निवेदन दिलं आणि सहा महिने उत्तर आलं नाही, तर त्या सहा महिन्यांनंतर एक वर्ष. तुझ्याकडे निवेदनाची पोच असेल तर हा दुसरा हिशेब तुला लागू होतो. पण मी तुझ्या जागी असते तर त्यावर विसंबले नसते. निवडसूचीच्या तारखेपासूनच वर्ष धरलं असतं. आणि दर महिन्याला नवं स्मरणपत्र देत बसू नकोस. स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगून ठेवलंय. आमच्या शाखेत अशी स्मरणपत्रं एका फाइलीत लागत आणि फाइल कपाटात जाई. कपाटावर पाणी गळायचं, ते वेगळंच.

मॅटमध्ये स्वतः उभं राहता येतं, पण सेवाविषयक काम करणारा वकील घे. त्याला दोन गोष्टी आवर्जून विचार. ‘निकाल लागेपर्यंत एक पद रिक्त ठेवा, नाहीतर नेमणुका निकालाच्या अधीन ठेवा’ अशी अंतरिम मागणी केली आहे का? आणि 151 गुणांच्या मुलीला प्रतिवादी केलं आहे का? हे दुसरं ऐकून तुझ्या पोटात गोळा येईल. तिने काय केलंय? काहीच नाही. तरीही तिला नोटीस गेली पाहिजे, कारण तिच्या नोकरीवर परिणाम होऊ शकतो आणि तिला बोलू न देता निर्णय देता येत नाही. उत्तराखंडातल्या एका भरतीत उमेदवार उच्च न्यायालयात जिंकली आणि 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली. त्यात हेही एक कारण होतं : निवडलेल्या उमेदवाराला पक्षकारच केलं नव्हतं.

अर्जात ‘जातीयवादी अधिकारी’ वगैरे लिहू नकोस. ते सिद्ध करावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही नसतं. 164, 158, 151 हे तीन आकडे पहिल्या पानावर येऊ देत.

प्रश्न : माझ्या सुनेची एका निमसरकारी महामंडळात निवड झाली. वैद्यकीय फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख विचारली होती, तिने खरी लिहिली. चौथा महिना असल्याचं कळल्यावर ‘बाळंतपण झाल्यावर बघू’ असं तोंडी सांगितलं. काम कार्यालयीन आहे. गप्प बसावं का? (एक सासूबाई, सांगली जिल्हा)

उत्तर : गप्प बसू नका. सुनेसाठी सासूने पत्र लिहिलंय, हे वाचून दिवस चांगला गेला.

असाच रकाना आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्ममध्ये होता. एका बाईने त्यात खरं लिहिलं नाही म्हणून तिला नोकरीतून काढलं. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं आणि असले लाजिरवाणे रकाने काढून टाका म्हणून महामंडळाला सुनावलं. त्यानंतर तीस वर्षांनी, 2021 च्या अखेरीस, स्टेट बँकेने तीन महिन्यांपुढच्या गर्भवतींना ‘तात्पुरत्या अपात्र’ ठरवणाऱ्या सूचना काढल्या. ओरड झाल्यावर महिनाभरात त्या स्थगित केल्या. तुमची सून एकटी नाही.

आधी तोंडी गोष्ट कागदावर आणा. सुनेने नोंदणीकृत डाकेने लिहावं : ‘अमुक तारखेला मी रुजू होण्यास हजर राहिले, मला रुजू करून घेतले नाही, कारण लेखी कळवावे.’ फॉर्मची प्रत जपून ठेवा. महामंडळ असल्याने मॅट नाही, उच्च न्यायालय. सेवाज्येष्ठता निवडीच्या क्रमाने मागा. नाहीतर रुजू करून घेतील आणि मागून आलेले सगळे तिच्या वर बसतील.

प्रश्न : प्रतीक्षायादीत माझा पहिला क्रमांक होता. यादीची मुदत संपली, मला बोलावलंच नाही. हा जातीवरून भेदभावच आहे ना? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : पत्रावरून तरी तसं दिसत नाही. यादीत नाव आलं म्हणजे नेमणुकीचा हक्क मिळाला असं नाही, हे 1991 पासून ठरलेलं आहे. फक्त शासनाला मनमानी करता येत नाही. तेव्हा दोनच गोष्टी शोधा : तुमच्या खालच्या कुणाला बोलावलं का, आणि यादी चालू असताना तुमच्या प्रवर्गातला निवडलेला उमेदवार रुजू न झाल्याने पद रिकामं राहिलं होतं का. यातलं एक जरी निघालं तरी कागद घेऊन पुन्हा लिहा. दोन्ही नसेल तर पुढच्या जाहिरातीचा फॉर्म भरा.