ईस्टरमधला ‘ट’ कुठून आला?

एका वाचकाने दोन प्रश्न एकत्र पाठवले आहेत. पहिला असा: ‘दर एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो. ईस्टर म्हणजे मुळात बॅबिलोनची इश्तार देवी, अंडी आणि ससा ही तिचीच चिन्हं, असं त्यात लिहिलेलं असतं. हे खरं आहे का?’ आणि दुसरा: ‘ईस्टरला मराठीत पुनर्जन्म दिन म्हटलं तर चालेल का?’

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ती चूक दर वर्षी छापील मजकुरात डोळ्यांत खुपते. चालणार नाही. पुनर्जन्म म्हणजे एक देह सोडून दुसऱ्या देहात, दुसऱ्या आईच्या पोटी पुन्हा येणं. ईस्टरची गोष्ट बरोबर उलटी आहे. येशूची कबर रिकामी आहे, देह तोच आहे, हातावरच्या खिळ्यांच्या खुणाही त्याच आहेत आणि थोमा या शिष्याला त्या पाहायला मिळतात. त्यासाठी मराठी ख्रिस्ती लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला नेमका शब्द आहे: पुनरुत्थान. पुनः अधिक उत्थान, आणि उत्थान म्हणजे उद् अधिक स्थान, म्हणजे उठून उभं राहणं. ग्रीक शुभवर्तमानात इथे ‘अनास्तासिस’ हा शब्द येतो. त्यातलं ‘अना’ म्हणजे वर, आणि ‘स्तासिस’मध्ये आपलाच ‘स्था’ धातू बसलेला आहे. ग्रीक शब्दाचे दोन तुकडे केले तर दोन्ही तुकड्यांना मराठीत जोड सापडते. इतका चपखल शब्द हाताशी असताना पुनर्जन्म कशाला लिहायचं?

आता इश्तार. हे खरं नाही.

या कल्पनेचा प्रसार केला तो अलेक्झांडर हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने. 1853 मध्ये त्याने एक पुस्तिका काढली आणि 1858 मध्ये तिचं पुस्तक केलं. रोमन चर्चचा प्रत्येक विधी बॅबिलोनमधून आला हे त्याला सिद्ध करायचं होतं. आजच्या इंग्रजीत ‘ईस्टर’ आणि ‘इश्तार’ सारखे ऐकू येतात, एवढ्यावर त्याने इमला बांधला. पण शब्दांचं नातं आजच्या उच्चारावरून ठरत नाही, सर्वांत जुन्या रूपावरून ठरतं. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘एआस्त्रे’च्या जवळचा होता. त्यात सुरुवातीचा दीर्घ ‘ई’ नाही आणि मधला ‘श’ही नाही. शिवाय इश्तारची चिन्हं म्हणजे सिंह आणि आठ टोकांचा तारा. अंडं आणि ससा तिच्या जवळपासही नाहीत. अंडी आली ती ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासातून: त्या काळात अंडी वर्ज्य, मग उपवास सुटला की साठलेली अंडी पुढ्यात. अंडी आणून ठेवणाऱ्या सशाची लेखी नोंद 1682 मधल्या एका जर्मन वैद्याच्या लेखात मिळते. बॅबिलोन कुठल्या कुठे राहिलं.

मग शब्द आला कुठून? इंग्लंडच्या उत्तरेला जॅरोच्या मठात राहणारा बीड हा साधू 725 मध्ये कालगणनेवर ग्रंथ लिहितो आणि जाता जाता सांगून जातो की आपले पूर्वज एप्रिलला ‘एओस्तुर-महिना’ म्हणत, एओस्त्रे नावाच्या देवीवरून, आणि तेच नाव आता या सणाला चिकटलं आहे. या देवीबद्दल एवढंच लिहिलेलं सापडतं. पुढे 1835 मध्ये याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने एवढ्याशा आधारावर ‘ओस्तारा’ नावाची अख्खी जर्मन देवी उभी केली. ती त्याची उडी मला मान्य नाही. पण बीडने देवी मनानेच रचली असं म्हणणारे जे आहेत, ते तर मला अजिबात पटत नाहीत. आपल्या धर्माच्या सर्वांत मोठ्या सणाला बिगरख्रिस्ती देवीचं नाव चिकटवण्यात एका धर्मनिष्ठ साधूचा काय फायदा? आणि 1958 मध्ये जर्मनीत मॉर्केन-हार्फ इथे रोमन काळातले दीडशेच्या वर नवसाचे दगड सापडले, ‘औस्ट्रियाहेने’ नावाच्या मातृदेवतांना वाहिलेले. नावाचं मूळ तेच आहे. पुरावा जमिनीतून वर आल्यावर तरी ‘बीडने थाप मारली’ हे म्हणणं सोडायला हवं.

आता मला खरं जे सांगायचं आहे त्याकडे येतो. बीडच्या देवीच्या नावाचं मूळ आहे पहाट. ज्या मूळ शब्दापासून आपली ‘उषस्’ आली, ग्रीकांची ‘एओस्’ आली, रोमनांची ‘औरोरा’ आली, त्याच मुळापासून इंग्रजीचा ‘ईस्ट’ आला, म्हणजे जिथे उजाडतं ती दिशा. ‘ईस्टर’ त्याच घरातला. इथपर्यंत अनेक जण सांगतात आणि आपल्याकडचे काही उत्साही लगेच जाहीर करतात की ईस्टर हा ‘उषा’चा अपभ्रंश आहे. तसं नाही. दोन चुलत बहिणींपैकी एक दुसरीची मुलगी होत नाही. आणि तुलना करायचीच असेल तर ‘उषा’ कडे कशाला जाता? ऋग्वेदात याहून जवळचा शब्द आहे: ‘उस्रा’. उस्रा म्हणजे पहाट, पहाटेची तांबूस आभा, आणि तांबडी गाय. उषेचा रथ तांबड्या गाई ओढतात, म्हणून दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. उषेला वाहिलेली वीसेक सूक्तं ऋग्वेदात आहेत.

उस्रा आणि ईस्टर शेजारी ठेवा. मधला ‘ट’ सोडला तर सगळं जुळतं. मग हा ‘ट’ कुठला?

‘सहस्र’ हा शब्द सावकाश म्हणून पाहा. ‘स’ म्हणताना जीभ दातांच्या मागे जाते पण टेकत नाही, फटीतून हवा सुटत राहते. तिथून ‘र’ म्हणायला जीभ वर उडवावी लागते. या दोन हालचालींच्या मध्ये क्षणभर जरी जीभ टेकली तरी एक ‘त’ तयार होतो, तुम्ही म्हणा वा न म्हणा. म्हणूनच आपल्याकडे ‘विष्णुसहस्त्रनाम’ छापलं जातं, सरकारी फलकावर ‘जलस्त्रोत’ दिसतो, वर्तमानपत्रात वाघ ‘हिंस्त्र’ होतो, आणि सहस्रबुद्ध्यांना जन्मभर ‘सहस्त्रबुद्धे’ नावाची पत्रं येतात. लिहिताना हे चूकच आहे. सहस्र, स्रोत, हिंस्र, अजस्र यांत ‘त’ नाही. तो शस्त्रात आहे, वस्त्रात आहे, स्त्रीमध्ये आहे. मी वर्षानुवर्षं भेटेल त्याचं हे दुरुस्त करत आलो आहे आणि पुढेही करणार.

पण नेमकी हीच घसरण दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी इंग्रजी-जर्मनच्या पूर्वज भाषेत झाली, आणि तिथे ती एकट्यादुकट्याची चूक न राहता नियम ठरली. जिथे जिथे ‘स्र’, तिथे तिथे ‘स्त्र’. म्हणून संस्कृतात ‘स्रवति’, ‘स्रोतस्’, तर इंग्रजीत ‘स्ट्रीम’. संस्कृतात बहिणीला ‘स्वसृ’, तृतीयेत ‘स्वस्रा’, तर इंग्रजीत ‘सिस्टर’. आणि संस्कृतात ‘उस्रा’, तर इंग्रजीत ‘ईस्टर’. तिन्ही शब्दांत ‘ट’ एकाच दाराने आत आला आहे. बाल्टिक किनाऱ्यावर याचा पडताळा मिळतो. लिथुआनियन भाषेने ‘त’ घातला नाही, तिथे पहाट म्हणजे ‘औश्रा’. शेजारच्या लॅटव्हियनने घातला, तिथे पूर्व म्हणजे ‘औस्ट्रुम्स’. फरक तेवढाच. ‘जलस्त्रोत’ लिहिणारा चित्रकार आणि ‘स्ट्रीम’ म्हणणारा इंग्रज एकाच शब्दाला एकाच जागी अडखळले आहेत. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ स्वतःशीच ‘स्रोत, स्त्रोत’ म्हणत बसलो होतो.

लॅटिनमधल्या ‘शुभ्र वस्त्रांच्या आठवड्या’चा जर्मन साधूंनी चुकून ‘पहाट’ असा अर्थ लावला आणि त्यातून हे नाव आलं, असंही एक मत मांडलं जातं. एका चुकीच्या भाषांतरावर दोन देशांतल्या साऱ्या जनतेने सणाचं नाव ठेवलं, ही कल्पना मला फार ओढूनताणून आणलेली वाटते.

एक लक्षात घ्या, पहाटेचं हे नाव फक्त इंग्रजी आणि जर्मन मंडळींचं. बाकीच्या बऱ्याच युरोपचं नाव वेगळं आहे आणि ते हिब्रू ‘पेसाह’, अरामी ‘पस्हा’ यांतून आलं आहे: फ्रेंच ‘पाक’, इटालियन ‘पास्क्वा’, रशियन ‘पास्खा’, पोर्तुगीज ‘पास्कोआ’. गोव्यात पोर्तुगिजांबरोबर तेच आलं, म्हणून कोकणीत ‘पास्कांचें फेस्त’. येशूचं मरण आणि उठणं ज्यूंच्या या पेसाह सणाच्या दिवसांत झालं, म्हणून नाव तेच राहिलं. पेसाह पौर्णिमेचा सण, म्हणून ईस्टरही पौर्णिमेच्या मागोमाग येतो. 2023 साली हनुमान जयंती 6 एप्रिलला होती आणि ईस्टर 9 एप्रिलला.

आणि या पेसाहला मराठी बायबलात जो शब्द आहे तो मला सगळ्या भाषांतरांत सरस वाटतो: वल्हांडण.

बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात गोष्ट आहे. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, इस्राएल लोक गुलाम आहेत. कोकरू मारून त्याचं रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि वरच्या कपाळपट्टीला लावायचं. रात्री संहार करणारा येईल, ज्या दारावर रक्त दिसेल ते घर ओलांडून पुढे जाईल. म्हणून सणाचं नाव ओलांडण. इंग्रजीत ‘पासओव्हर’ हा शब्द विल्यम टिंडलने 1530 च्या भाषांतरात घडवला. पण जुनी सवय सुटली नाही: 1611 च्या राजमान्य इंग्रजी बायबलात प्रेषितांची कृत्ये 12:4 मध्ये या ज्यू सणाला चक्क ‘ईस्टर’ म्हटलं आहे. मराठी बायबल तिथे न चुकता वल्हांडणच म्हणतं.

काही जण सांगतात की वल्हांडण हे ‘वल्हं’ यावरून आलं, वल्ही मारत तांबडा समुद्र पार केला म्हणून. ज्यांनी हे सांगितलं त्यांनी पुढचे दोन अध्याय वाचले नसावेत. समुद्र दुभंगला आणि लोक कोरड्या जमिनीवरून पायी गेले. होडीच नव्हती तर वल्हं कुठून येणार? वल्हांडणे हे ओलांडण्याचंच रूप आहे. जुन्या मराठीत आरंभीचा ‘ओ’ सर्रास ‘वो’ लिहीत, ओवीला वोवी. तसंच वोलांडणे, वलांडणे. त्यातला ‘ह’ मागाहून शिरला असं माझं मत आहे.

आता ओलांडणे कुठून? बहुतेक जण ‘उल्लंघन’कडे बोट दाखवतात. मला ते मान्य नाही. ‘लंघ्’ धातूतला ‘घ’ हिंदीत ‘लाँघना’मध्ये धडधाकट टिकला आहे, मग मराठीत त्याचा ‘ड’ कसा होईल? संस्कृत धातुपाठात ‘ओलण्ड्’ असा एक आडबाजूचा धातू नोंदलेला आहे, अर्थ दिला आहे वर फेकणे. माझा कौल त्याला. पाय वर टाकल्याशिवाय कुणी काही ओलांडत नाही.

आमच्या घरी दुपारी माजघरात आम्ही पोरं आडवी पडलेली असायचो. कुणी वरून पाय टाकून गेलं की आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘ओलांडलंस का रे त्याला? परत ओलांड, खुंटेल तो!’ आणि जाणाऱ्याला मागे येऊन उलट्या दिशेने पाय टाकावा लागायचा. पुढे पुष्कळ वर्षांनी निर्गम वाचताना वल्हांडण शब्दापाशी मी थबकलो. आमच्या घरात ज्याच्यावरून कुणी ओलांडून गेलं त्याला धोका होता. त्या गोष्टीत ज्याच्या दारावरून ओलांडून गेलं तो वाचला.

म्हणून विचारणाऱ्यांना सांगतो: सणाचं नाव ईस्टर म्हणा, पुनरुत्थानाचा सण म्हणा, गोव्यात असाल तर पास्क म्हणा. वल्हांडण मात्र ज्यूंच्या सणासाठी राखून ठेवा. दोन्हींची गल्लत करू नका.

अर्थात महाराष्ट्रात पेसाह पाळणारे लोक बायबलचं मराठी भाषांतर होण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. अलिबाग, पेण, रेवदंडा या पट्ट्यातले बेने इस्राएल हे ज्यू. ते शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू ग्रंथ त्यांच्या हातून सुटले होते, सणांची नावं मराठी झाली होती. पेसाहला ते वल्हांडण म्हणत नसत. ते म्हणत ‘अनाशी ढाकाचा सण’. पेसाहच्या दिवसांत आंबलेलं काही खायचं नाही हा नियम आहे. त्यामागचं मिसर, कोकरू, कपाळपट्टीवरचं रक्त सगळं विसरलं गेलं होतं. पण त्या दिवसांत घरातलं आंबटाचं मडकं मात्र झाकून ठेवलेलं असे.