ओम्नीचं टॅपेट वाजतंय? तेलाचा डबा नंतर, आधी फिलर गेज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००७ची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी) मारुती ओम्नी, नंतर बसवलेलं एलपीजीचं गॅसकिट, इंजिन थंड असो की गरम, सीटखालून टकटक चालूच. गॅरेजवाला म्हणतो २०डब्ल्यू-५० हे दाट तेल टाका, आवाज दबेल. आणि तुम्ही व्हिडिओ बघून लिफ्टर साफ करायची बाटली मागवायच्या बेतात आहात.

बाटली मागवू नका. ती जे साफ करते ते ओम्नीत नाहीच.

ते व्हिडिओ बहुतेक फोक्सवॅगन व्हॅनॅगनसारख्या १९८०च्या दशकातल्या परदेशी गाड्यांचे असतात. त्यांत हायड्रॉलिक लिफ्टर असतात, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट तेलाच्या दाबाने भरून काढणारे तुकडे. लिफ्टरच्या आत बारीक पिस्टन, स्प्रिंग आणि एकाच बाजूला उघडणारी झडप. इंजिनचं तेल दाबाने आत शिरतं, पिस्टन वर सरकतो आणि फट आपोआप भरून निघते. गाडी महिनाभर उभी राहिली की आतलं तेल झिरपून जातं, मग सुरू केल्यावर काही वेळ टकटक होणारच. जरा लांब पळवली की बहुधा थांबते. झडपेत चिकटा बसला असेल तर क्लीनरचा उपयोगही होतो. त्या गाड्यांना तो सल्ला बरोबर आहे.

आपल्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडर इंजिनात मामला साधा आहे. कॅम (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा फिरता दांडा) वर हेडमध्ये, त्यावर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा हात), आणि रॉकरच्या टोकाला स्क्रू आणि लॉक नट. सिलिंडरमागे दोन, म्हणजे एकूण सहा टॅपेट. स्क्रू आणि व्हॉल्व्हमधली फट इथे माणसाने हाताने ठरवायची असते. झिजून ती वाढली की लोखंडावर लोखंड आपटतं. कितीही भारी तेल ओता, स्क्रू आपला आपण फिरत नाही.

पण आवाज टॅपेटचाच आहे ना, हे आधी नक्की करा. इंजिन सीटखाली असल्यामुळे ओम्नीत सगळंच मोठं ऐकू येतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवा, मूठ कानाजवळ धरा आणि पुढेमागे सरकवत ऐका. पंखा आणि पट्ट्यांपासून बाही सांभाळा. इंजेक्टरही टिकटिकतात, पण त्यांचा आवाज बारीक आणि एकसारखा असतो, तो सोडून द्या. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकत असेल तर थंडीत जोरात आणि गरम झाल्यावर कमी, शिवाय सांध्यावर काळी काजळी दिसते. खालून, तेलाच्या चेंबरच्या बाजूने, जड ठोके येत असतील आणि रेस केल्यावर वाढत असतील तर गाडी चालवू नका, तो बेअरिंगचा विषय आहे. आणि डिपस्टिक तर बघालच. पातळी खाली असेल तर बाकी चर्चा नंतर.

आता सेटिंग. गाडी रात्रभर उभी हवी. मॅन्युअलमध्ये थंड आणि गरम इंजिनचे आकडे वेगवेगळे दिलेत, इनटेक आणि एक्झॉस्टचेही नीट बघून घ्या. काम मिलिमीटरच्या शतांशांचं आहे. गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने फिरवा आणि ज्या सिलिंडरचं टॅपेट सेट करायचं त्याचा पिस्टन कंप्रेशनला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, अगदी वर आणा. दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले की जागा बरोबर. फिलर गेजची (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच) पाती थोडी घासत सरकली पाहिजे. सुळकन जाता कामा नये, अडकताही कामा नये. लॉक नट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर थोडा फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा पाती घालून बघायचीच. बरेच मिस्त्री इथेच घाई करतात आणि संध्याकाळी गाडी परत येते.

गेज बरोबर दाखवतोय आणि तरी टकटक आहे, असं झालं तर रॉकरच्या स्क्रूचं टोक बघा. तिथे झिजून खळगा पडलेला असतो. सपाट पाती त्या खळग्यावरून पुलासारखी जाते, आतली फट तिला कळतच नाही. मग स्क्रू बदलायचा. रॉकर शाफ्टवर ओरखडे दिसले तर तेलाची भोकं तुंबली आहेत का तेही पाहा.

तुमच्या गाडीला गॅसकिट आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. एलपीजीवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट (हेडमधली कड, जिच्यावर व्हॉल्व्ह टेकून बंद होतो) झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडाथोडा वर सरकतो. त्यामुळे फट वाढत नाही, कमी होते. म्हणजे आवाजच येत नाही! मालक खूश, इंजिन मात्र बिघडत चाललेलं. फट संपली की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, सीटमधून उष्णता हेडला जात नाही, व्हॉल्व्हची कड जळते, त्या सिलिंडरचं कंप्रेशन जातं. तेव्हा टकटक बंद करायच्या नादात कुणी टॅपेट टाइट करून देत असेल तर देऊ देऊ नका. थोडी टिकटिक राहिली तरी चालेल. गॅसवर रोज पळणाऱ्या गाडीचं टॅपेट दर सर्व्हिसला तपासून घ्या, आवाज असो वा नसो.

तेलाचं म्हणाल तर, मॅन्युअलच्या तक्त्यातला ग्रेडच घ्या. जुन्या ओम्नीत आपल्याकडे सर्रास २०डब्ल्यू-४० चालतं आणि चांगलं चालतं. पुढचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, मागचा १०० अंशांना तेल किती दाट राहतं त्याचा. महाराष्ट्रात निफाडच्या थंडीतही २०डब्ल्यू गोठत नाही, त्यामुळे महागडं ०डब्ल्यू घेऊन काही साधत नाही. २०डब्ल्यू-५० ने आवाज थोडा दबेल, हे खरं आहे. पण फट तिथेच राहते आणि सकाळी वर रॉकरपर्यंत तेल पोचायला वेळ लागतो. इंजिन तेल जाळत असेल तर त्याचा विचार करा, टॅपेटसाठी नको. डब्यावर एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, तेलाचा दर्जा ठरवणारी संस्था) एस-मालिका, म्हणजे एसएल, एसएन, एसपी यांपैकी काही असू द्या. ती पेट्रोल इंजिनांची. सी-मालिका डिझेलची, दोन्ही छापलेलं असेल तर हरकत नाही. सील बघून घ्या आणि रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा, त्याच डब्यात कुणी जळकं तेल भरून विकायला नको.

रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन धुण्याचा आग्रह कुणी केला तर नाही म्हणा. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटला की चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसतो आणि पंपाला तेल ओढता येत नाही. आत काळं लोणी साचलेलं दिसलं तर पुढचे दोन-तीन बदल लवकर करा, दर वेळी फिल्टरसकट. साधारण तीन लिटर तर तेल लागतं.

तेवढं टॅपेट कव्हरचं नवं गॅस्केट मात्र आधीच आणून ठेवा. जुनं कडक झालेलं असतं, तेच परत बसवलं तर तेल गरम मॅनिफोल्डवर गळतं आणि सिग्नलला उभं राहिल्यावर सीटखालून धूर येतो.